डाव्या मांडीचं हाड

दादा,

तू गेलास त्या सकाळी मी तुझ्या अंगणात उभी राहून मेडिकल कॉलेजला फोन लावला होता. पलीकडचा माणूस विचारत होता, "बॉडी कब तक लाएँगे?" मी सांगत होते की मुलगा निखिल पुण्याहून निघालाय, तो पोचला की आणतो. आईच्या वेळेस हे सगळं मीच केलं होतं. कोणाशी बोलायचं, गाडी कोणत्या फाटकातून आत न्यायची, सगळं मला पाठ होतं. रडायला मी स्वतःला वेळच दिला नव्हता. तुझं शेवटचं काम तुझ्या मनासारखं व्हावं, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात शोभावहिनी आतून आली आणि तिने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"माफ करना भैया, हम नहीं ला रहे," ती म्हणाली आणि फोन बंद करून माझ्या हातात परत दिला.

मला वाटलं, तुझ्या जाण्याने तिचं भान सुटलंय. "वहिनी, असं काहून करून राहिली? दादाने किती वर्षं आधीच लिहून दिलंय."

"त्यायनंच सांगितलं नलूताई. जाळा म्हणे मले. देऊ नका."

"आणि डोळे?"

"डोळे बी नाही."

अंगणात लोक होते. विद्यापीठातले तुझे विद्यार्थी होते, विहारातली मंडळी होती. सगळ्यांनी ऐकलं, आणि सगळ्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मी पायरीवर बसले ती बसूनच राहिले. आत त्रिशरण-पंचशील झालं, तुला बाहेर आणलं, गाडी ग्वारीघाटाच्या स्मशानाकडे गेली. मी आले नाही. आपल्यात बायका घाटावर जातात, मला कोणी अडवलं नव्हतं. पण एकच प्रश्न मला उठू देत नव्हता, दादा. मग आईला काहून दिलं?

लोक तुझ्याबद्दल लिहितील तेव्हा तुझ्या संशोधनाबद्दल लिहितील. मी लिहिते ते आईच्या पायापासून सुरू होतं, कारण तुझं संशोधनही तिथूनच सुरू झालं होतं आणि ते आपल्या दोघांशिवाय कोणाला माहीत नाही. कारखान्याच्या क्वार्टरला चुना लावताना आई शिडीवरून पडली, डाव्या मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात प्लास्टर घातलं आणि हलायचं नाही म्हणून सांगितलं. बाबांची कारखान्यातली पाळी, आपण दोघं शाळेत जाणारे, घरात दुसरी बाई नाही. आईने धीर धरला तेवढा धरला आणि मग एका दुपारी मोरीत बसून, पाणी ओतून ओतून, ते प्लास्टर स्वतःच सोडवून टाकलं. हाड वाकडं जुळलं. पाय आखूड झाला. त्यानंतर ती जन्मभर डावीकडे झुकत चालली.

तू डॉक्टरला विचारलं होतंस, "हाड वाकडं काहून जुळते? सरळ काहून नाही जुळत?" डॉक्टर हसला होता. तू हसला नाहीस. नळावरून पाणी आणताना तू मुद्दाम आईच्या मागे चालायचास आणि तिचा पाय बघायचास. मला वाटायचं, ती पडली तर धरायला म्हणून. आता वाटतं, तू तेव्हाच अभ्यास करत होतास.

पुढे तू त्याच प्रश्नावर आयुष्य घातलंस. मोडलेल्या हाडाच्या फटीत मज्जेतल्या पेशी जाऊन नवं हाड कसं उभं करतात, त्या कमी पडल्या तर बाहेरून कशा घालता येतील, यावर तुझे ससे, तुझ्या बाटल्या, तुझी ती कायम थंड खोली. आईचा एक्स-रे तू प्रयोगशाळेच्या खिडकीच्या काचेला चिकटवून ठेवला होतास. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, नमुना आहे. तू कोणाला सांगायचा नाहीस की ही माझी आई. मला मात्र पहिल्यांदा नेलंस तेव्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावलंस आणि म्हणालास, "या मूळपेशी. यांनी अजून ठरवलं नाही काय व्हायचं ते. हाड होतील, चरबी होतील, कूर्चा होतील."

"म्हणजे आपल्या निखिलसारख्या," मी म्हणाले.

किती हसला होतास तू! आणि मग मी सशांचं विचारलं. "त्यायले दुखत असन ना रे?" तो वाद आपला राहिलाच. "दुखू देत नाही मी," एवढंच म्हणायचास आणि विषय बदलायचास. मी दर वेळी विचारायची, तू दर वेळी बदलायचास.

तुझे उपकार मी विसरलेली नाही. माझ्या शिक्षणासाठी तू बाबांशी भांडलास. बी.एड.ला जाताना ओमतीच्या चौकापर्यंत सायकलवर सोडायचास आणि मी रिक्षात बसेपर्यंत हलायचा नाहीस. विलासच्या किडन्या गेल्या तेव्हा सगळ्यांनी हात टेकले होते, तू टेकले नाहीस. नागपूरला यादीत नाव लावून आणलंस, आणि कोण्या अनोळखी माणसाची किडनी माझ्या नवऱ्याच्या पोटात गेली. त्या माणसाच्या घरच्यांनी, तो गेला त्याच दिवशी, रडता रडता हो म्हटलं होतं. त्यांचं नावही मला माहीत नाही. तेव्हा तुझंही काम हाडावरून तिकडे वळलं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात तू मला समजावलंस, शरीर परक्या अवयवाला शत्रू समजतं म्हणून विलासला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील. पण किडनीसोबत देणाऱ्याच्या हाडांच्या मज्जेतल्या पेशीही दिल्या तर शरीर तिला आपलं मानू लागेल का, हे लोक शोधून राहिले, मीही शोधून राहिलो. मला अर्धं कळलं. पण तुझा आवाज ऐकून झोप लागायची, तेवढं पुरे होतं.

म्हणून आई गेली तेव्हा तुझ्यापुढे माझं काही चाललं नाही.

तू आईला आधी विचारलं होतंस हे खरं. "मी मेल्यावर का पाहाले येऊन राहिली? तुमाले जे करायचं ते करा," असं म्हणून ती भाजी निवडत बसली होती. हा तू होकार धरलास. मी धरला नव्हता. मला तिची राख हवी होती, दादा. चूल विझल्यावर राहते तेवढी तरी. गोंदियाची मावशी दारात उभी राहून ओरडत होती, "पोरं माझ्या बहिणीले कापाले देऊन राहिले!" मी तुला आतल्या खोलीत नेऊन म्हटलं, नको. तुला आठवतं तू काय म्हणालास?

"नलू, हाड म्हणजे काय? कॅल्शियम, फॉस्फरस, थोडं पाणी. आई त्यात नाही. आणि विलासच्या वेळेस तू घेतलंस ना? मग?"

तू घेतलंस ना. तू मला बरोबर तिथे धरलंस. मी पदर खोचला, फोन लावला, आईला गाडीत घालून मेडिकल कॉलेजच्या मागच्या फाटकातून आत नेलं. मावशीने त्यानंतर आपल्या घरचं पाणी घेतलं नाही. ती गेली तेव्हा मला कोणी कळवलंही नाही.

आणि हळूहळू मला तुझं पटलं. पटलं म्हणजे, मी पटवून घेतलं. तू शाळाशाळांतून, विहारांतून, गावोगाव देहदानावर बोलायचास आणि तुझं झालं की मला उभं करायचास. "ये मेरी बहन है. इसने अपनी माँ को दिया है. इससे पूछिए." मग मी बोलायची. तुझं बोलणं लोक ऐकायचे, माझं मनावर घ्यायचे. तूच म्हणायचास, "मी लोकांचं डोकं हलवतो, नलू त्यांचा सहीचा हात हलवते." पनागरला पंचायतीच्या ओट्यावर आपण बोललो तेव्हा समोर रामकली पटेल बसली होती. शेतकरीण बाई, नवरा खाटेवर, डॉक्टरांनी आशा सोडलेली. तिने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "दीदी, आपको बुरे सपने नहीं आते?" मी म्हटलं, "नहीं आते." तेव्हा खरंच येत नव्हते. तिने नवऱ्याला दिलं. त्याच्याच इच्छेने, पण सासरच्यांचा विरोध अंगावर घेऊन. दर हिवाळ्यात ती तुझ्याकडे आणि माझ्याकडे मटार घेऊन यायची, ताजा, पोतं भरून, आणि तुझ्या पाया पडायची. तू पाय मागे घ्यायचास.

आता कळतं, तू पाय का मागे घ्यायचास.

शेवटच्या आठवड्यांत मी रोज तुझ्याजवळ होते. कर्करोगाने तुला किती लवकर संपवलं! तू बोलत होतास, माझ्याशी भांडतही होतास. खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून भांडलास. मी चहात आलं जास्त टाकते यावरून भांडलास. एकदा मी सहज म्हटलं, "दादा, कॉलेजला आधीच सांगून ठेवू का? ऐन वेळेस धावपळ नको." तू भिंतीकडे तोंड केलंस.

"शोभा पाहील ते."

मला वाटलं, थकलास. मी तुझ्या पायावर चादर ओढली आणि बाहेर आले. तेवढा एक क्षण होता, दादा. तू वळून म्हटलं असतंस की नलू, बस, तुले सांगायचं आहे काही, तर मी बसले असते. चिडले असते, रडले असते, पण बसले असते.

तू घाटावर गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं. ती सुन्न होऊन कणीक मळत होती. खाणारं घरात कोणी नव्हतं.

"वहिनी, मला एक सांग. कवा बदललं त्याचं मन? भिऊन गेला होता का आजारपणात?"

"आजारपणात नाही," ती म्हणाली. "त्याच्या कितीतरी आधी."

मग तिने सांगितलं. कणीक मळायची थांबली नाही, आणि माझ्याकडे बघितलं नाही.

मेडिकल कॉलेजने तुला मुलांसमोर बोलायला बोलावलं होतं, हाड कसं जुळतं यावर. बोलणं झाल्यावर तिथला एक तरुण शिक्षक तुला हाडांच्या खोलीत घेऊन गेला. मोठ्या हौसेने कपाटातून एक हाड काढून त्याने तुझ्या हातात दिलं. "सर, ये देखिए. टेढ़ी जुड़ी हुई हड्डी का ऐसा नमूना किताब में भी नहीं मिलेगा." डाव्या मांडीचं हाड. तू ते हातात धरलंस. ज्याची सावली तू वर्षानुवर्षं खिडकीच्या काचेवर पाहत होतास, ते.

"मंग?" मी विचारलं. "मंग काय म्हणाला तो?"

वहिनीने कणकेचा गोळा परातीत उलटा केला. "म्हणाले, अच्छा नमूना है. आणि परत देऊन देलं."

अच्छा नमूना है.

"घरी आले अन् मोरीत जाऊन उलटी केली," वहिनी म्हणाली. "मले म्हणे, शोभा, तिच्यावर नंबर लिहिला होता, काळ्या शाईनं. जन्मभर मीच लिहीत आलो सशायच्या हाडायवर नंबर, मले कधी काही वाटलं नाही. मंग म्हणे, मले नको देऊ तिथं. अन् नलूले नको सांगू. तिचं मन मोडन."

"अन् तू सांगितलं नाही."

"शपथ घातली होती ताई."

मी तिथून उठून घरी आले. विलास व्हरांड्यात बसला होता. त्याला सगळं सांगितलं. तो हळूच म्हणाला, "भिला असन गं तो. माणूसच होता." मी त्याच्यावर खेकसले. भिण्याचा मला राग नाही, दादा. आईचं हाड हाती लागल्यावर तू उलटी केली नसतीस तर मीच तुला माणूस म्हटलं नसतं. पण तू परत आलास, चूळ भरलीस, आणि पुढच्याच महिन्यात मला घेऊन सिहोऱ्याच्या शाळेत भाषणाला गेलास. मी तिथे बोलले. तू शेजारी खुर्चीवर बसून मान डोलावत होतास. तुला माहीत होतं की आई कुठल्या कपाटात आहे. तुला माहीत होतं की तू स्वतः जाणार नाहीस. आणि तू मला बोलू दिलंस. मी लोकांना सांगत होते, माझा भाऊसुद्धा जाणार आहे तिथेच, आणि तू टाळ्या वाजेपर्यंत बसून होतास.

माझं मन मोडेल म्हणून नाही सांगितलंस. खरं की काय? की मी थांबले असते, सभा थांबल्या असत्या, आणि तुला सगळ्यांना कारण सांगावं लागलं असतं म्हणून? याचं उत्तर वहिनीकडे नाही. ते तू घेऊन गेलास.

विहारात तुझी अभिवादन सभा झाली. गर्दी होती. निखिल उभा राहिला आणि म्हणाला, "पापा की बहुत इच्छा थी देहदान की. लेकिन इन्फेक्शन था, इसलिए नहीं हो पाया." लोकांनी माना हलवल्या, हळहळले. त्याने मला आधीच सांगून ठेवलं होतं, आत्या, तुम्हीही हेच सांगा, पापांचं नाव राहील. मला बोलायला उभं केलं. मी माइकपाशी गेले, समोर पाहिलं, आणि "माझा भाऊ हुशार होता" एवढं बोलून खाली बसले. लोकांना वाटलं, दुःखाने बसले.

बाहेर चपला घालत होते तेव्हा रामकली आली. डोक्यावरून पदर, डोळे सुजलेले.

"दीदी, इन्फेक्शन की बात सच है?"

खोटं बोलायला फार सोपं होतं. ती ऐकून गेली असती. पण तिने मला पनागरच्या ओट्यावर जसं विचारलं होतं तसंच विचारलं, अगदी जवळ येऊन, खालच्या आवाजात. तेव्हा मी जे सांगितलं होतं ते तुझ्या भरवशावर सांगितलं होतं. आता सांगायचं ते माझ्या एकटीच्या भरवशावर होतं.

"नहीं," मी म्हटलं. "भैया ने मना कर दिया था. आख़िर में."

ती तिथेच विहाराच्या पायरीवर बसली. मग आपल्या मोठ्या जावेबद्दल जे म्हणाली ते तू ऐकायला हवं होतंस.

"मेरी जेठानी आज तक कहती है कि मैंने उनकी गति नहीं होने दी. मैं हर बार उससे कहती थी, डॉक्टर साब खुद भी वहीं जाएँगे. इतने पढ़े-लिखे आदमी हैं, ग़लत जगह थोड़े ही जाएँगे. अब क्या कहूँ उससे?"

मी तिच्या शेजारी बसले. मी तिला आईच्या हाडाची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. क्वार्टर, शिडी, मोरीतलं प्लास्टर, तुझा एक्स-रे, आणि ती खोली. सभेतली माणसं आमच्या बाजूने निघून गेली, सतरंज्या उचलल्या गेल्या.

"मुझे वो जगह देखनी है दीदी," ती शेवटी म्हणाली. "आप चलेंगी?"

मला जायचं नव्हतं. पण तिला एकटीला पाठवणं मला जमलं नाही.

मेडिकल कॉलेजच्या विभागप्रमुख बाईंनी आधी नाही म्हटलं. आम्ही देणाऱ्यांची नावं हाडांसोबत ठेवत नाही, असं समजावून सांगितलं, नियम आहे. मी म्हटलं, नावाची गरज नाही, डाव्या मांडीचं वाकडं जुळलेलं हाड आहे, मी ओळखीन. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग उठल्या. हाडांच्या खोलीत लांब टेबलं होती, पहिल्या वर्षाची काही मुलं हाडं समोर मांडून घोकत बसली होती. कोणी चहाचा कप आणलेला नव्हता, कोणी हसत नव्हतं. मी मनात जे चित्र धरून आले होते, ते तिथे नव्हतं. बाईंनी एका मुलीला हाक मारून ते हाड आणायला सांगितलं, आणि आम्ही कोण हे मात्र सांगितलं नाही.

मुलीला वाटलं, पाहुण्या आहेत, समजावून सांगायचं आहे. तिने हाड माझ्यापुढे धरलं. तपकिरी, तेलकट चमक आलेलं, मध्ये गाठ, आणि गाठीपाशी ते वळलेलं. काळा नंबर होता. तो मी पाहिला.

"ये देखिए मैम," ती म्हणाली, "दोनों टुकड़े एक के ऊपर एक चढ़कर जुड़े हैं. पैर छोटा हो गया होगा. लेकिन जोड़ बहुत मज़बूत है. और पीछे ये जो लकीर है ना, यहाँ मांसपेशी लगती है. ये कितनी मोटी है देखिए. मतलब ये टूटे पैर से भी बहुत चली हैं. सालों तक. बैठी नहीं रहीं."

बसून राहिली नाही. ती पोरगी, कुठल्या गावची कोण जाणे, आईबद्दल बोलत होती. आई गेल्यापासून तिच्याबद्दल इतकं खरं कोणी बोललं नव्हतं. मला रडू फुटलं. मुलगी घाबरली. "मैम, आप इन्हें जानती थीं?"

"मेरी माँ हैं."

तिने हाड एका हातात धरलं होतं. पटकन दुसरा हात खाली लावला. मग तिला सुचेना, काय करावं. ती विभागप्रमुखांकडे बघायला लागली, मग माझ्याकडे.

"इनका नाम क्या था?"

"अनसूया."

"अनसूया," ती म्हणाली. शेजारच्या टेबलावरच्या दोन मुलांनी पुस्तकातून डोकं वर काढलं.

रामकलीला मात्र काही ओळखता आलं नाही. तिच्या नवऱ्याच्या अंगावर कसली खूणच नव्हती. ती त्या कपाटांपुढे उभी राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, आणि सगळ्याच कपाटांना मिळून हात जोडले. बाहेर आल्यावर ती फक्त एवढंच म्हणाली, "जेठानी को ले आऊँगी एक दिन. खुद देख ले."

दादा, तूही त्याच टेबलापाशी उभा होतास. तुझ्याही हातात ते दिलं होतं. तू एवढंच म्हणाला असतास, की ही माझी आई, तर त्या तरुण शिक्षकानेही दुसरा हात खाली लावला असता. ती लकीर जाड का आहे ते तुला माझ्यापेक्षा, त्या पोरीपेक्षा जास्त कळत होतं. तू ते वाचू शकत होतास. पण तू नंबर पाहिलास आणि पळालास. तू पळालास ते मी समजू शकते. पण मला मागे ठेवून पळालास. आणि आईला तिथे एक अनोळखी बाई करून ठेवलंस.

घरी पोचले आणि वहिनीचा फोन आला. निखिलच्या कानावर काहीतरी गेलं होतं.

"नलूताई, तुमी रामकलीबाईले काय सांगितलं?"

"खरं ते."

मला वाटलं, आता ती मला बोलेल, तुझ्या नावाचं, निखिलचं, लोकांचं काढेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं. मग ती रडली. तू गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, अंगणातही नाही.

"बरं केलं बाप्पा," ती म्हणाली. "लय वर्षं झाले मले. जेवाले बसले का आठवे. तुमी घरी आल्या का वाटे, आता तोंडातून निघून जाईन. तुमच्याकडं पाहावतच नव्हतं मले."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की ती इतकी वर्षं मला टाळत का होती. मी तिला घुमी समजत होते. तुझ्याकडे तक्रारही केली होती, आणि तू म्हणाला होतास, "तिचा स्वभाव आहे तो." तेही खोटं होतं. तुझ्या भीतीचं ओझं तू तिच्या डोक्यावर ठेवलंस, आणि वरून तिला स्वभाव चिकटवलास.

"कशा आहेत त्या तिथं?" वहिनीने विचारलं. सासूबद्दल विचारावं तसं, जणू आई गावाला गेली आहे.

"बऱ्या आहेत," मी म्हटलं. माझ्या तोंडून तेच निघालं.

"मले न्याल एखाद्या दिवशी?"

येत्या सोमवारी आम्ही दोघी जाणार आहोत. विभागप्रमुख बाईंना विचारलंय, त्यांनी परवानगी दिली. त्यांनी विचारलं, नाव काय सांगू, कोण येतंय म्हणून. मी म्हटलं, अनसूयाबाईंची मुलगी आणि सून. तुझं नाव सांगितलं असतं तर त्या खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या असत्या, तुला तिथे सगळे ओळखतात. नाही सांगितलं. तुझी बहीण म्हणून त्या फाटकातून आत जायला मला अजून जमत नाही, दादा.